नाव सांगितलं, पत्ताही दिला

होमरच्या ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात एक जागा अशी आहे, की तिथे पुस्तकात हात घालून नायकाचं, ट्रॉयच्या युद्धावरून घरी निघालेल्या ओडिसियसचं, तोंड दाबून धरावंसं वाटतं. गुहेतून सुटका झालेली आहे. एकुलता डोळा गमावलेला सायक्लॉप्स राक्षस पॉलिफिमस मागे राहिलाय, त्याची मेंढरं जहाजात चढलेली आहेत. मेलेल्या सोबत्यांसाठी जे रडायला लागले, त्यांना ओडिसियसने नुसत्या भुवयांच्या खुणेने गप्प केलंय. वल्ही पाण्यात पडतात. मारलेली हाक ऐकू जाईल एवढं अंतर कापलं जातं आणि इतरांना गप्प करणारा हा माणूस स्वतःच ओरडायला लागतो.

पहिल्या वेळी नाव सांगत नाही, नुसता टोमणा मारतो. घरात आलेल्या पाहुण्यांना खाल्लंस, झ्यूसने फेडायला लावलं. आंधळा राक्षस आवाजाच्या रोखाने डोंगराचं टोक उपटून भिरकावतो. ते जहाजाच्या पुढे पडतं, लाट उसळते आणि जहाज उलट फिरून किनाऱ्याला जाऊन टेकायच्या बेताला येतं. ओडिसियस लांब काठीने ते रेटतो, मान हलवून वल्ही मारायला सांगतो. (पुन्हा खूणच. गप्प राहायचं कसं, हे त्याला पक्कं माहीत आहे.) आधीच्या दुप्पट अंतर कापल्यावर तो दुसऱ्यांदा तोंड उघडतो. आता सोबती चारी बाजूंनी विनवतात: त्या रानटी माणसाला कशाला डिवचतोस, आत्ताच त्याच्या दगडाने आपण परत किनाऱ्याला लागलो होतो, आवाज ऐकला तर डोकी आणि फळ्या एकदमच फोडेल. तो ऐकत नाही. सायक्लॉप्सला सांगतो, की तुझ्या डोळ्याचं कोणी विचारलं तर सांग, शहरं उद्ध्वस्त करणाऱ्या ओडिसियसने फोडला. लेअर्टिसचा मुलगा, घर इथाकात.

स्वतःचं नाव, बिरुद, बापाचं नाव, गाव. पोस्टमनला आणखी काय लागतं?

पॉलिफिमस हात आभाळाकडे करून आपल्या बापाला, समुद्राच्या पोसायडनला, साकडं घालतो. त्या प्रार्थनेत तो हीच माहिती जवळजवळ जशीच्या तशी म्हणतो: शहरं उद्ध्वस्त करणारा ओडिसियस, लेअर्टिसचा मुलगा, इथाकाचा, तो घरी पोचू नये. नशिबात पोचणं असेलच, तर उशिरा पोचावा, वाईट हालात पोचावा, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून, आणि घरातही त्याला संकटच भेटावं. नाव कळलं नसतं तर शाप लागलाच नसता, असं होमर कुठे म्हणत नाही. पण या ओळींमध्ये जेमतेम पंचवीस ओळींचं अंतर आहे. एकदा बढाई म्हणून आणि एकदा शाप म्हणून तेच शब्द ऐकल्यावर काय झालं हे समजावून सांगायला कवीला वेगळं काही बोलावं लागत नाही. नायकाने दिलेला पत्ता शत्रूने देवाला दिला. उरलेलं महाकाव्य म्हणजे या शापातल्या अटी एकेक करून पुऱ्या होत जाणं.

ग्रीक नायकांच्या स्वभावदोषाबद्दल बोलायला लागलं, की ‘हमार्तिया’ हा शब्द हटकून पुढे येतो. तो इथे जपून वापरावा. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात तो शोकांतिकेबद्दल वापरला, महाकाव्याबद्दल नाही, आणि त्याचा मूळ अर्थ दोष असा नाहीच, नेम चुकणं असा आहे. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्याच ‘इलियड’मध्ये फेकलेला भाला लक्ष्याला न लागता बाजूने जातो, तिथे याच धातूचं क्रियापद येतं. स्वभावात एक भोक असतं आणि त्यातून नशीब गळून जातं, ही कल्पना नंतरच्या लोकांची. होमरकडे असं वेगळं काढून दाखवता येईल असं भोक नाही. ज्या गुणाने माणूस वाचतो तोच गुण तासाभराने त्याला बुडवतो, मध्ये काहीही न बदलता. हे कसं होतं ते पाहायला नवव्या सर्गाइतकी चांगली जागा नाही, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

मुळात तो तिथे का गेला? गरज काहीच नव्हती. समोरच्या बेटावर रानशेळ्या भरपूर मिळालेल्या, बारा जहाजांना प्रत्येकी नऊ आणि त्याच्या स्वतःच्या जहाजाला दहा. ट्रॉयहून निघाल्यावर पहिल्या मुक्कामात, किकोन लोकांच्या इस्मारोसमध्ये, मार खाऊन फार दिवस झालेले नव्हते. तिथे गाव लुटल्यावर ओडिसियस म्हणत होता, की आता पटकन निघू. माणसं ऐकेनात, दारू पीत आणि जनावरं कापत किनाऱ्यावर बसली. तोवर किकोनांनी आतल्या मुलखातले भाऊबंद बोलावून आणले आणि प्रत्येक जहाजामागे सहा जण गेले. म्हणजे बाहत्तर. सायक्लॉप्सच्या गुहेत नेमका उलटा प्रकार. बारा निवडक माणसं घेऊन तो आत शिरतो. मालक घरी नाही. चीजने लगडलेल्या टोपल्या, निवळीने भरलेली भांडी, कोकरं आणि करडं वयाप्रमाणे तीन वेगवेगळ्या कुंपणांत: आधी जन्मलेली, मधली, अगदी ताजी. माणसं हात जोडतात, की चीज उचलू, चार कोकरं हाकू आणि निघू. या वेळी थांबतो तो ओडिसियस. त्याला त्या माणसाला बघायचंय, आणि तो पाहुण्याला भेट म्हणून काय देतो तेही बघायचंय.

हे सगळं तो स्वतःच सांगतोय, हे विसरू नये. नऊ ते बारा हे चार सर्ग म्हणजे त्याला शेवटी घरी पोचवणाऱ्या फिएशियन लोकांच्या राजवाड्यात जेवणानंतर त्याने केलेलं कथन आहे. आणि या ठिकाणी तो कबूल करतो: मी ऐकलं नाही, ऐकलं असतं तर पुष्कळ बरं झालं असतं.

गंमत म्हणजे पुढची सगळी सुटका त्याच्या याच खाजेतून निघते. गुहेकडे जाताना त्याने बरोबर एक बुधलीभर दारू घेतलेली असते, अपोलोचा पुजारी मॅरोन याने दिलेली. इतकी कडक, की पिताना एक पेला दारूत वीस मापं पाणी घालायचं. एखादा रांगडा, कायदा न जाणणारा माणूस भेटेल असं मनात आलं म्हणून घेतली, असं तो म्हणतो. म्हणजे धोका आहे हे कळत होतं. तरी गेला, आणि धोक्यावरचा उतारा बरोबर घेऊन गेला. कुतूहल आणि सावधपणा एकाच बुधलीत.

राक्षस परत आल्यावर दारावर जो दगड लावतो, तो चारचाकी बावीस गाड्यांनाही हलला नसता. मग घरकाम. मेंढ्या-शेळ्यांचं दूध काढतो, अर्धं नासवून विणलेल्या टोपल्यांत निथळत ठेवतो, अर्धं रात्री प्यायला भांड्यांत. काम आटोपल्यावर त्याला पाहुणे दिसतात. त्या रात्री दोघांना खातो, सकाळी दोघांना, संध्याकाळी आणखी दोघांना. पहिल्याच रात्री तो झोपलेला असताना ओडिसियस तलवारीला हात घालतो. छातीत नेमकी कुठे खुपसायची तेही हाताने चाचपून ठरवतो, आणि थांबतो. याला मारला तर तो दगड कोण हलवणार? हा क्षण मला नेहमी पुढच्या आरडाओरड्याशेजारी ठेवावासा वाटतो. रागाला वेसण घालता येणारा माणूस आहे हा. शेजारी सोबत्यांची हाडंसुद्धा उरलेली नाहीत, हातात तलवार आहे, आणि तो सकाळपर्यंत वाट पाहतो.

गुहेत ऑलिव्हचा एक ओला सोट पडलेला असतो, वीस वल्ह्यांच्या मालवाहू जहाजाच्या डोलकाठीएवढा. त्यातला एक वाव लांबीचा तुकडा तो तोडतो, सोबती तासून गुळगुळीत करतात, तो टोक काढतो आणि विस्तवावर धरून कडक करतो. मग शेणात लपवतो. शेण तिथे ढिगांनी आहे. चिठ्ठ्या टाकून चार जण निवडले जातात, पाचवा तो. संध्याकाळी दारूचे तीन कटोरे, आणि नावाचा प्रश्न. तो सांगतो, ‘माझं नाव ऊटिस.’ कोणीनाही.

हा खेळ मराठीत आणताना एक गाठ बसते. ग्रीकमध्ये नकार त्या शब्दातच असतो, क्रियापद होकारार्थी राहतं. त्यामुळे ‘ऊटिस मला मारतोय’ आणि ‘मला कोणी मारत नाही’ ही ऐकायला एकच वाक्यं. आपल्याकडे नकार क्रियापदावर बसतो. ‘कोण मारतंय रे?’ या प्रश्नाला ‘कोणीनाही!’ एवढंच ओरडला तर जमतं, पण पूर्ण वाक्य बोलला की मराठी सायक्लॉप्सचं बिंग फुटतं. दुसरी कोटी तर आपल्या हाती लागतच नाही. बाहेरचे शेजारी उत्तर देतात, की तुला कोणी मारत नसेल, तर हा झ्यूसने धाडलेला आजार असेल. त्या वाक्यात ‘ऊ टिस’ऐवजी ‘मे टिस’ येतं, ते व्याकरणाने यावंच लागतं. आणि एकत्र म्हटलं तर ‘मेटिस’ म्हणजे हुशारी, युक्ती. त्याच्या नावाआधी लागणारं बिरुद याच शब्दाचं. ज्या क्षणी तो कोणीच नसतो, त्याच क्षणी तो सर्वांत जास्त स्वतः असतो. आत बसलेला ओडिसियस मनातल्या मनात हसतो.

डोळा फोडण्याचं वर्णन तर दोन कारागिरांच्या कामासारखं आहे. जहाजाच्या फळीला भोक पाडताना एकाने गिरमिट वरून दाबून धरायचं आणि खालच्यांनी पट्टा दोन्ही बाजूंनी ओढत ते फिरवायचं, तसा तो जळता दांडका फिरतो. आणि लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो तेव्हा जसा चर्र आवाज येतो, तसा डोळा वाजतो. होमर सांगतो, त्या पाण्यानेच लोखंडाला ताकद येते. सकाळी एडके तीन-तीन वेलींनी बांधून मधल्याच्या पोटाखाली एकेक माणूस. सगळ्यात मोठ्या एडक्याची लोकर धरून ओडिसियस स्वतः, शेवटचा.

इथपर्यंत नाव गिळून टाकणं हीच युक्ती आणि तेच शस्त्र होतं. मग शंभर हात दूर गेल्यावर ते ओकून का टाकायचं?

घमेंड, असं म्हणून मोकळं होता येतं, पण त्याने फारसं काही समजत नाही. तो जिथून येतोय तिथला रिवाज बघायला हवा. ट्रॉयच्या मैदानात शत्रूला पाडलं, की त्याच्या देहाशी उभं राहून मोठ्याने सांगायचं, की हे माझं काम. न सांगितलेली करणी कुणाचीच नसते. ग्रीकमध्ये कीर्तीला ‘क्लेऑस’ म्हणतात आणि तो शब्द ऐकण्याच्या धातूतून आलाय: लोक ज्याच्याबद्दल ऐकतात ते. आता पॉलिफिमस आयुष्यभर सांगणार, माझा डोळा कोणीनाहीने फोडला. सहा माणसं खाल्ली गेली, एवढी अक्कल लढवली, आणि श्रेय कोणाचं? कोणाचंच नाही. दहा वर्षं युद्धात काढलेल्या माणसाला हे सोसवत नाही. ट्रॉयच्या मैदानात हीच सवय शौर्यात जमा झाली असती. फरक एवढाच, की तिथे पराभूत शत्रू सहसा मेलेला असतो, आणि त्याचा बाप समुद्राचा मालक नसतो. त्यावर ओडिसियस जाता जाता बापालाही डिवचतो, की तुझा डोळा पोसायडनसुद्धा बरा करू शकणार नाही.

चीज चोरून निघायला हवं होतं, असं तो फिएशियनांसमोर कबूल करतो, हे वर आलंच. नाव सांगण्याबद्दल मात्र तो एवढंच म्हणतो, की सोबत्यांचं बोलणं माझ्या विशाल काळजाला पटलं नाही. तिथे ‘बरं झालं असतं’ नाही, पश्चात्तापाचा एक शब्द नाही.

‘इलियड’मधला अकिलीज या बाबतीत सरळ माणूस. आई थेटिसने त्याला दोन वाटा सांगितलेल्या: इथे थांबलास तर मरशील आणि कीर्ती मरणार नाही; घरी गेलास तर खूप जगशील, कीर्ती नाही. त्याची अडचण राग. ‘इलियड’चा पहिला शब्दच ‘मेनिस’, क्रोध. सेनापती अगामेम्नॉनने त्याच्या वाट्याची बंदिवान ब्रिसिस काढून घेतली, तर त्याने आईकरवी झ्यूसकडे मागितलं, की माझ्याच बाजूचे लोक जहाजांपर्यंत मागे रेटले जाऊ देत, म्हणजे माझी किंमत कळेल. मागणं मान्य झालं. सोळाव्या सर्गात त्या मान्य झालेल्या मागण्याचं बिल आलं, पॅट्रोक्लसचा मृत्यू. अठराव्यात तो आईला म्हणतो, झ्यूसने सगळं केलं खरं, पण त्यात मला सुख काय, माझा मित्रच गेला. देवाने ऐकलेलं मागणं ही दोन्ही महाकाव्यांतली खरी यंत्रणा आहे. तिकडे नायकाने स्वतः मागितलेलं, इकडे शत्रूने नायकाच्याच शब्दांत मागितलेलं. ओडिसियसला मात्र दोन्ही वाटा हव्यात, कीर्तीही आणि घरही. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात मेलेल्यांच्या जगात त्याला अकिलीज भेटतो. ओडिसियस म्हणतो, तू तर इथेही राजाच. अकिलीज उत्तर देतो: मेलेल्या सगळ्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन, गरीब माणसाकडे मजुरी करत जिवंत राहणं मी पसंत करीन. ओडिसियस यावर काही बोलत नाही. त्याला बोलताही आलं नसतं.

शाप लागल्यावर पुढचं संकट पोसायडनने पाठवलेलं असेल, अशी आपली अपेक्षा. होमर तसं करत नाही. वाऱ्यांचा कारभारी ईओलस महिनाभर पाहुणचार करतो आणि निघताना नऊ वर्षांच्या बैलाच्या कातड्याची थैली देतो. सगळे उलटे वारे तिच्यात कोंडलेले, तोंड चांदीच्या दोरीने आवळलेलं, फक्त घराकडचा पश्चिम वारा मोकळा. नऊ दिवस, नऊ रात्री. दहाव्या दिवशी इथाका इतकं जवळ, की किनाऱ्यावर शेकोट्या राखणारी माणसं दिसतात. आणि ओडिसियसला झोप लागते, कारण नऊ दिवस शिडाचा दोर त्याने दुसऱ्या कोणाच्या हातात दिलाच नव्हता. लवकर पोचावं म्हणून, असं तो सांगतो. इकडे माणसांची कुजबुज: हा ट्रॉयची लूट घेऊन चाललाय, आपण तोच प्रवास करून रिकाम्या हाताने, त्यात आता ही थैली, बघू या तरी सोनं किती आहे. थैलीत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्या बोलण्यावरूनच ते कळतं. ‘यात वारे आहेत, हात लावू नका’, एवढं एक वाक्य. दोर दोन तास दुसऱ्याकडे दिला असता तरी चाललं असतं. हातातोंडाशी आलेला घास गेला. वादळाने परत ईओलसच्या दारात आणून सोडलं आणि त्याने हाकलून दिलं: देवांना नकोसा झालेल्या माणसाला मी मदत करत नाही.

शाप काम करतोय, हे ईओलसला दिसतं. पण थैली उघडणाऱ्या हातांना ढकललं कोणी? झोपेने, हेव्याने, न सांगितलेल्या एका वाक्याने. होमर देवाचं कारण आणि माणसाचं कारण अशी दोन खाती ठेवत नाही. एकच घटना दोन्हीकडे जमा होते.

त्यानंतरचा नरभक्षक राक्षसांचा, लेस्ट्रिगोनियनांचा, प्रसंग सहसा भराभर वाचला जातो, पण सगळ्यात मोठी हानी तिथली. चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेलं शांत बंदर, अकरा जहाजं आत एकमेकांशेजारी बांधलेली. ओडिसियस एकटाच आपलं जहाज बाहेर, टोकाच्या खडकाला बांधतो. का, ते सांगत नाही. आत वरून दगडांचा मारा होतो, माशांसारखी माणसं भोसकून नेली जातात, आणि तो तलवारीने दोर कापून निघतो. संशय त्याला आला असणार. तो त्याने स्वतःच्या जहाजापुरता वापरला. बारातलं एक जहाज उरलं.

म्हणून जादूगारीण सर्सीच्या बेटावर युरिलोकस या सोबत्याने जे म्हटलं ते महत्त्वाचं. सर्सीच्या घरात परत जायचं ठरतं तेव्हा तो बाकीच्यांना अडवतो: सायक्लॉप्सच्या गुहेत काय झालं आठवा, ते या माणसाच्या ‘अतास्थलिआ’मुळे मेले. अतास्थलिआ म्हणजे कळत असून केलेला अविचार. हा शब्द साधा नाही. ‘ओडिसी’च्या सुरुवातीच्या दहा ओळींत कवी नायकाची बाजू घेताना तोच वापरतो, की सोबती स्वतःच्याच अतास्थलिआने मेले, मूर्खांनी सूर्यदेवाची गुरं खाल्ली. (गुरं फक्त शेवटच्या जहाजावरच्यांनी खाल्ली. अकरा जहाजांवरची माणसं त्याआधीच गेली होती. कवी तो हिशेब तिथे मांडत नाही.) थोडं पुढे झ्यूसही तोच शब्द माणसांबद्दल उच्चारतो: आम्हाला दोष देतात, पण अतास्थलिआने नशिबापेक्षा जास्त दुःख हे स्वतःच ओढवून घेतात. असा हा देवांचा शब्द दहाव्या सर्गात एक खलाशी कप्तानाच्या तोंडावर मारतो. उत्तर म्हणून ओडिसियस त्याचं मुंडकं उडवायला निघतो, नातलग असूनही. बाकीचे आवरतात. खोटं असतं तर तो हसला असता.

सहा डोक्यांची राक्षसीण स्किला हिच्या वेळी सर्सीने स्पष्ट बजावलेलं असतं: शस्त्र घेऊ नकोस, तिच्याशी लढता येत नाही, वल्ही मारत निसटून जा. तो चिलखत चढवतो, दोन भाले घेतो आणि जहाजाच्या नाळेवर उभा राहतो. ट्रॉयची सवय जात नाही. स्किलाबद्दल माणसांना मात्र सांगत नाही, घाबरून वल्ही सोडतील म्हणून. इथे त्याचं गणित बरोबरही असेल. तो दुसरीकडे बघत असताना सहा जण उचलले जातात, हातपाय वर, शेवटचं त्याचं नाव घेत. प्रवासात डोळ्यांनी पाहिलेलं सर्वांत दयनीय दृश्य, असं तो म्हणतो. ते शेवटी ओरडले तेही नावच होतं.

सूर्याच्या गुरांच्या बेटावर दोष त्याच्याकडे कमी जातो. महिनाभर दक्षिणेचा वारा थांबत नाही, सर्सीने दिलेली शिदोरी संपते, माणसं गळाने मासे धरतात. तो प्रार्थनेला आत जातो, देव त्याला झोपवतात, आणि युरिलोकस बाकीच्यांना गुरं कापायला पटवतो. कातडी सरपटायला लागतात, सळ्यांवरचं मांस हंबरतं, तरी सहा दिवस मेजवानी चालते. मग जहाजावर वीज. ‘सगळे सोबती गमावून’ ही अट पुरी झाली. अप्सरा कॅलिप्सोच्या बेटावरची सात वर्षं, ‘उशिरा’. फिएशियनांचं जहाज, ‘परक्याच्या जहाजातून’.

उरली घरातल्या संकटाची अट: त्याच्या बायकोला मागणी घालत घरात ठाण मांडून बसलेले पुरुष. आणि इथून काव्याचा पुढचा अर्धा भाग म्हणजे ओडिसियसला कोणीनाही होऊन राहायची शिकवणी आहे. या वेळी तासाभरासाठी नाही, अनेक दिवस. भिकाऱ्याच्या चिंध्यांत तो स्वतःच्या अंगणात जातो. शेळ्या राखणारा मेलॅन्थियस कमरेत लाथ घालतो, तो जागचा हलत नाही. मागणी घालणाऱ्यांतला अँटिनोअस उजव्या खांद्यावर तिवई फेकून मारतो, तो खडकासारखा उभा, नुसती मान हलवतो. आर्गोस हा त्याचा कुत्रा धन्याला बघून मरतो, तो डोळे पुसतो, पण हाक मारत नाही. विसाव्या सर्गात रात्री ओसरीवर पडलेला असताना दासी हसत खिदळत त्या मागणी घालणाऱ्यांकडे जाताना दिसतात आणि त्याचं काळीज पिल्लांभोवती उभ्या राहिलेल्या कुत्रीसारखं गुरगुरतं. तो छाती ठोकून त्याला बजावतो: सोस, काळजा, सायक्लॉप्स सोबत्यांना खात होता तेव्हा यापेक्षा वाईट सोसलंस, युक्तीने गुहेबाहेर काढेपर्यंत सोसलंस.

गुहेबाहेर काढेपर्यंत. त्याची आठवण गुहेच्या तोंडाशीच थांबते. जहाजावरून काय केलं, ते तो स्वतःच्या काळजालाही सांगत नाही.

तरी फरक पडलेला आहे. बाविसाव्या सर्गात धनुष्य हातात आल्यावर तो आधी बाण सोडतो, अँटिनोअसच्या गळ्यातून आरपार, आणि मग बोलतो. त्या बोलण्यात स्वतःचं नाव नाही, बापाचं नाही, बिरुद नाही. ट्रॉयहून मी परतणार नाही असं वाटलं होतं ना तुम्हाला, कुत्र्यांनो, एवढंच. ‘तू खरंच इथाकाचा ओडिसियस असशील तर’ हे समोरचा म्हणतो. मी हा प्रसंग त्याच्या सुधारण्याचा पुरावा म्हणून मोठ्या आनंदाने वापरला असता. पण पुढे चोविसावा सर्ग आहे.

सगळे शत्रू मेलेत, लपायचं कारण संपलंय. तो मळ्यावर म्हाताऱ्या बापाला भेटायला जातो. लेअर्टिस ठिगळं लावलेला मळका अंगरखा घालून, काट्यांसाठी हातमोजे, डोक्याला शेळीच्या कातड्याची टोपी, एका रोपाभोवती माती उकरत असतो. ओडिसियस पेरच्या झाडाखाली उभा राहून रडतो. जाऊन गळ्यात पडावं, की आधी परीक्षा घ्यावी? तो ठरवतो, परीक्षा. आणि कसल्या शब्दांनी, तर ‘केर्टोमिओइस’, टोचून बोललेल्या शब्दांनी. जहाजावरून सायक्लॉप्सला हाक मारली तेव्हा होमरने हाच शब्द वापरला होता. तो बापाला सांगतो, माझं नाव एपेरिटॉस, मी परमुलखातला, पाच वर्षांपूर्वी तुमच्या मुलाला माझ्या घरी ठेवून घेतलं होतं. खोटं नाव, खोटं गाव, कोणाच्याही उपयोगाचं नसलेलं. म्हातारा दोन्ही हातांनी राख-माती उचलून पांढऱ्या डोक्यावर ओततो, आणि तेव्हा कुठे ओडिसियसच्या नाकात झिणझिण्या येतात.

मग तो खरं सांगतो. लेअर्टिस खूण मागतो. ओडिसियस पायावरचा डुकराच्या सुळ्याचा व्रण दाखवतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. लहानपणी बापाच्या मागे मागे याच मळ्यात फिरताना प्रत्येक झाडाचं नाव विचारलं होतं आणि बापाने ती झाडं त्याच्या नावावर केली होती. तो मोजून सांगतो: पेरची तेरा, सफरचंदाची दहा, अंजिराची चाळीस, आणि द्राक्षांच्या पन्नास ओळी देईन म्हणाला होतास, एकामागून एक पिकणाऱ्या. म्हाताऱ्याचे गुडघे लटपटतात आणि तो मुलाच्या गळ्यात हात टाकतो.